मेंदूतील पहारेकरी फितूर का होतात?

तोफांना दाद न देणारा किल्ला फितुरीने पडल्याच्या हकिकती तुम्ही इतिहासात वाचल्या असतील. शरीरातही असे घडू शकते काय? ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगात ते घडते. प्रौढांच्या मेंदूत उगम पावणाऱ्या घातक कर्करोगांपैकी सर्वांत जास्त आढळणारा तो हाच.

प्रथम पहारेकऱ्यांची ओळख करून घेऊ. मेंदूत चेतापेशींखेरीज इतरही पेशी असतात. त्यांतील एक प्रकार पिओ देल रिओ ओर्तेगा या स्पॅनिश शास्त्रज्ञाने १९१९ साली वेगळा ओळखला आणि त्याला ‘मायक्रोग्लिया’ हे नाव दिले. या पेशी आपल्या बारीक फांद्या हलवीत आसपासची सतत तपासणी करतात. जंतू आढळला तर त्याला गिळतात. पण जखम झाल्यावर मेलेल्या पेशींचा कचरा उचलणे, नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीस मदत करणे आणि लढाई संपली की प्रतिकार शांत करणे, हीही त्यांचीच कामे. म्हणजे पहारेकरी तोच आणि गवंडीही तोच!

कर्करोगाची गाठ नेमका या गवंडीकामाचा फायदा घेते. तिच्या पेशी सीएसएफ-१ नावाचे प्रथिन बाहेर सोडतात. त्याच्या ओढीने मायक्रोग्लिया गोळा होतात आणि रक्तातील भक्षक पेशीही येतात. काही गाठींत अशा पेशींचे प्रमाण ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जाते. तेथे त्यांना जणू ‘ही जखम आहे, दुरुस्त करा’ असाच निरोप मिळतो. मग त्या पेशींमधील जाळे विरघळवणारी एन्झाइमे तयार करण्यास हातभार लावतात. त्या वाटेने कर्करोग निरोगी भागात शिरतो. म्हणूनच शस्त्रक्रियेने तो मुळासकट काढता येत नाही.

आता औषधाकडे वळू. टेमोझोलोमाइड हे औषध डीएनएतील ग्वानिन या घटकाला एक मिथिल गट चिकटवते. त्यामुळे विभाजनाच्या वेळी डीएनएची नक्कल बिघडते व पेशी मरते. पण काही गाठींत एमजीएमटी हे प्रथिन तो गट काढून स्वतःवर घेते आणि औषध वाया जाते. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, केवळ किरणोपचार घेतलेल्यांपैकी निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांहून अधिक जगले. सोबत हे औषध दिल्यावर ही मर्यादा १४.६ महिने झाली. लाभ अडीच महिन्यांचा! रुग्णाच्या घरच्यांना विचारा, तोही थोडा नव्हे. पण पुरेसाही नव्हे.

या प्रतिरोधाला पहारेकऱ्यांचीही साथ असते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की गाठीतील मायक्रोग्लिया व भक्षक पेशी इंटरल्यूकिन-११ हे प्रथिन सोडतात आणि त्यामुळे कर्कपेशी औषधाला अधिक चिवटपणे तोंड देतात. उंदरांमध्ये हा मार्ग अडवल्यावर औषधाचा परिणाम वाढला.

मग पहारेकऱ्यांना मारूनच टाकावे काय? २०१३ साली उंदरांवरील एका प्रयोगात सीएसएफ-१चा निरोप अडवला गेला. गंमत अशी, की गाठीतील भक्षक पेशी मेल्या नाहीत. त्यांचे वागणे बदलले आणि गाठी आकसल्या. परंतु २०१६ साली दिसून आले, की काही काळाने निम्म्याहून अधिक उंदरांत गाठ परत वाढते. आता भक्षक पेशी आयजीएफ-१ हे दुसरेच वर्धक प्रथिन पुरवीत होत्या! दोन्ही निरोप एकदम अडवल्यावर उंदीर अधिक जगले. सीएसएफ-१चा निरोप अडवणारे एक औषध माणसांना एकटेच देऊन पाहिले, तेव्हा मात्र उपयोग झाला नाही.

पदार्थविज्ञानात आपण शिकतो, की वस्तूची गती समजण्यासाठी तिच्यावरील सर्व बले विचारात घ्यावी लागतात. एकही सुटले तर उत्तर चुकते. कर्कपेशीचेही तसेच आहे. ‘फितुरी’ हा आपला शब्द. पेशीला मन नसते. मिळालेल्या निरोपाप्रमाणे ती आपले नेहमीचेच काम करते. म्हणून पहारेकरी नष्ट करण्यापेक्षा त्यांना मिळणारा निरोप कसा बदलावा, हा आज संशोधकांपुढचा प्रश्न आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या त्याचे उत्तर शोधील काय?