पेशीतला भोंगा

गावच्या जत्रेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आमच्या बाह्यरुग्ण विभागात एक ठरावीक पेशंट हमखास येतो. वय पन्नाशीच्या आसपास, एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी आणि मुलाच्या खांद्यावर हात. मागच्या वर्षी असेच एक काका आले होते. "साहेब, रात्री निजताना पाय बरा हुता. पाटं तीनला जाग आली ती बोंबलतच. कायतरी चावलं म्हणून बॅटरी लावून बघितलं, तर काय न्हाई. आता अंगावरची चादर लागली तरी जीव जातुय."

अंगठ्याचे बूड लालबुंद, गरम आणि फुगलेले होते. घरच्यांना साप-विंचवाची शंका, शेजाऱ्यांना पू झाल्याची शंका. गावातल्या एकाने तर ब्लेडने चीर द्यायचीही तयारी केली होती. तिथे विष नव्हते, पू नव्हता, एकही जंतू नव्हता. सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे बारीक खडे साठले होते. या आजाराला आपण गाउट म्हणतो, जुनी माणसे 'वातरक्त' म्हणतात.

मला वैद्यकीय महाविद्यालयात शिकवले होते की हे खडे टोचतात आणि म्हणून दुखते. ते अर्धेच खरे होते. खडे महिनोन्‌महिने सांध्यात गप्प पडून असतात. मग एका रात्रीत असे काय घडते? या प्रश्नाचे उत्तर मी पदवी घेऊन बाहेर पडल्यानंतर सापडले. ते उत्तर फक्त अंगठ्यापुरते राहिले नाही. फौंड्रीतल्या कामगाराच्या फुप्फुसापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत त्याचे धागे पोहोचले. त्या उत्तराचे नाव इन्फ्लमासोम.

भोंगा कसा वाजतो?

आधी एका शब्दाचा खुलासा. आपण सरसकट 'सूज' म्हणतो, पण पायात पाणी साठून येणारी सूज वेगळी आणि लाली, उष्णता, ठणका घेऊन येणारी सूज वेगळी. दुसरीला दाह म्हणू. दाह हा शरीराचा बचाव आहे. काटा मोडला की ती जागा लाल होते, कारण रक्तवाहिन्या रुंदावतात आणि पांढऱ्या पेशी तिथे धावतात.

पण त्यांना बोलावतो कोण? 2002 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान इथे युर्ग चॉप आणि त्यांचे सहकारी फाबिओ मार्तिनो यांनी पेशीच्या आत जुळून येणारे प्रथिनांचे एक यंत्र शोधले आणि त्याला इन्फ्लमासोम हे नाव दिले. आपल्या भागातल्या माणसाला ते समजावून सांगायला साखर कारखान्याचा भोंगा पुरेसा आहे.

या भोंग्याचे तीन भाग. पहिला पहारेकरी, म्हणजे धोका ओळखणारे प्रथिन. असे पहारेकरी अनेक आहेत, त्यांतला सर्वांत जास्त अभ्यासलेला एनएलआरपी-3. दुसरा भाग जोडणी करणारा. तिसरा भाग म्हणजे कॅस्पेज-1 नावाची कात्री. एरवी हे तिन्ही भाग पेशीत सुटे सुटे पडलेले असतात. धोका दिसला की पहारेकरी एकमेकांना चिकटतात, जोडणीदार त्यांच्याभोवती गोळा होतात आणि कात्री चालू होते.

कात्री दोन कामे करते. इंटरल्युकिन-1 बीटा नावाचा निरोप्या पेशीत कच्च्या स्वरूपात असतो. त्याला कापून ती कामाचा बनवते. दुसरे म्हणजे गॅस्डर्मिन-डी हे प्रथिन कापते. त्याचे कापलेले तुकडे पेशीच्या आवरणाला भोके पाडतात. त्या भोकांतून निरोप्या बाहेर पडतो आणि बहुतेक वेळा पेशी स्वतः फुटून मरते. हे मरण मूक नसते. फुटताना ती आजूबाजूच्या सगळ्यांना जागे करते. निरोप्या रक्तातून मेंदूपर्यंत गेला की ताप चढतो. जंतुसंसर्ग नसतानाही गाउटच्या पेशंटला कणकण का येते, ते यावरून कळते.

असा भोंगा चुकून वाजला तर नुकसान मोठे, म्हणून निसर्गाने त्याला दोन कुलपे लावली आहेत. पहिल्या इशाऱ्यावर पेशी फक्त तयारी करते, कच्चा माल भरून ठेवते. दुसरा इशारा मिळाला तरच यंत्र जुळते. रक्तात युरिक ॲसिड वाढलेल्या अनेकांना आयुष्यात एकदाही गाउटचा झटका का येत नाही, याचे एक कारण इथे आहे. नुसते खडे असून भागत नाही, पेशी आधी चिथावलेली असावी लागते. युरिक ॲसिडचे खडे एनएलआरपी-3 चा भोंगा वाजवतात, हे चॉप यांच्याच गटाने 2006 मध्ये दाखवले. मूळच्या तेलंगणातल्या तिरुमला-देवी कन्नेगंटी आज अमेरिकेत मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात याच यंत्रावर काम करतात. या विषयातल्या आघाडीच्या संशोधकांत त्यांचे नाव घेतले जाते.

पुरातला मित्र

एवढे वाचून वाटेल की हे यंत्र बंदच केलेले बरे. तसे नाही. शिरोळ तालुक्याने 2005, 2019 आणि 2021 चे महापूर पाहिले आहेत. कृष्णा-पंचगंगेचे पाणी ओसरले की आम्ही डॉक्टर लेप्टोस्पायरोसिसची वाट पाहत बसतो. उंदरांच्या आणि जनावरांच्या मुतातून हे जंतू चिखलात मिसळतात आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शरीरात शिरतात. अशा वेळी जंतूची चाहूल घेऊन दवंडी पिटणाऱ्या यंत्रणांत इन्फ्लमासोमचाही वाटा असतो. वेगवेगळे पहारेकरी वेगवेगळ्या खुणा ओळखतात. कुणी जंतूची शेपटी ओळखतो, कुणी चुकीच्या जागी सापडलेला डीएनए.

मात्र तोच भोंगा थांबेनासा झाला, तर जंतू मेल्यावरही दाह पेशंटचे मूत्रपिंड आणि फुप्फुस पोळत राहतो. गंभीर संसर्गात माणूस दगावतो तो पुष्कळदा जंतूंपेक्षा या वणव्याने. म्हणून चिखलात काम करून आठ-पंधरा दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे असे काही झाले, तर तो अंगावर काढू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत साध्या प्रतिजैविकाने जे काम होते, ते नंतर अतिदक्षता विभागातही होईलच असे नाही.

मी न विचारलेला प्रश्न

आता एक गोष्ट सांगतो, जी सांगताना मला अजून अवघड जाते. पंचवीसएक वर्षांपूर्वी मी नोकरीत नवा होतो, दुसऱ्या एका तालुक्यात. चाळिशीतला एक माणूस खोकला आणि धाप घेऊन आला. एक्स-रेत दोन्ही फुप्फुसांच्या वरच्या भागात डाग होते. मी क्षयाचे उपचार सुरू केले. थुंकीची तपासणी निगेटिव्ह आली, तरी मी मागे हटलो नाही. सहा महिन्यांनी फरक नव्हता, तेव्हा पुन्हा उपचार वाढवले. एके दिवशी त्याची बायको सहज म्हणाली, "कामावरनं आले की नाकातनं काळी वाळूच निघती ओ." तो बारा वर्षे फौंड्रीत फेटलिंगला होता. ओतलेल्या कास्टिंगवरची वाळू घासून काढायचे काम. "तुम्ही काम काय करता?" हा प्रश्न मी त्याला एकदाही विचारला नव्हता. त्याला सिलिकोसिस झाला होता. मी क्षयाच्या गोळ्या देत होतो त्या काळातही तो रोज त्याच धुळीत उभा राहत होता.

कोल्हापूर जिल्हा फौंड्री उद्योगासाठी देशभर ओळखला जातो. शिरोळ तालुक्यातूनही अनेक घरची मुले तिथे कामाला जातात. साचे बनतात ते सिलिका वाळूचे. साचा फोडताना, कास्टिंग घासताना जी धूळ उडते, तिच्यातले सर्वांत घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत.

हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत पोहोचले की सफाई कामगार पेशी त्यांना गिळतात. जंतू असता तर पचला असता. सिलिका पचत नाही. पेशीच्या पोटातली पचनाची पिशवीच फुटते, आतला रस सांडतो, पहारेकऱ्याला तो धोका वाटतो आणि भोंगा वाजतो. पेशी फुटते, कण जसाच्या तसा बाहेर पडतो. त्याला दुसरी पेशी गिळते. पुन्हा तेच. सिलिका आणि ॲस्बेस्टॉस एनएलआरपी-3 ला असे चेतवतात, हे 2008 मध्ये सिद्ध झाले. या रोजच्या धुमसण्यातून फुप्फुसात कठीण वण तयार होत जातात. म्हणूनच काम सोडल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. सफाई करणाऱ्या पेशीच निकामी झाल्याने अशा माणसाला खराखुरा क्षय होण्याचा धोकाही मोठा असतो. झालेला वण पुसणारे औषध आजही नाही. उपाय आहे तो धुळीवर. ओली पद्धत, धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि चेहऱ्याला नीट बसणारा योग्य दर्जाचा मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल या कणांना अडवत नाही.

रक्तवाहिनीतले खडे आणि कळलावी

2010 मध्ये आणखी एक दुवा सापडला. रक्तवाहिनीच्या भिंतीत साठणाऱ्या कोलेस्टेरॉलचेही स्फटिक बनतात आणि तेही हाच भोंगा वाजवतात. म्हणजे हृदयविकार हा नुसता चरबी साठण्याचा आजार नाही, तो धुमसणाऱ्या दाहाचाही आजार आहे. ते पडताळण्यासाठी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या 10,061 लोकांवर एक चाचणी झाली. त्यात इंटरल्युकिन-1 बीटाला अडवणारे कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन दिले. 2017 मध्ये निकाल आला. कोलेस्टेरॉल जराही कमी न होता, मधल्या मात्रेवर पुन्हा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण सुमारे 15 टक्क्यांनी घटले. मात्र जंतुसंसर्गाने होणारे मृत्यू थोडे वाढले. भोंगा काढून टाकला तर चोर आल्याचेही कळत नाही, हा त्याचा धडा. ते इंजेक्शन अतिशय महागही आहे.

स्वस्त पर्याय म्हणून लक्ष गेले ते कॉल्चिसिनकडे. गाउटवरचे हे फार जुने औषध. ते पांढऱ्या पेशींची धावपळ रोखते आणि इन्फ्लमासोमची जुळणीही मंदावते. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर, कुंपणावर पिवळ्या-तांबड्या ज्वाळांसारखी फुले येणारी कळलावी दिसते, तिच्या कंदात आणि बियांत हेच रसायन असते. अमेरिकेत 2023 मध्ये कमी मात्रेतल्या कॉल्चिसिनला हृदयरुग्णांसाठी मान्यता मिळाली. पण 2024 मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या कॉल्चिसिनचा फायदा दिसला नाही. प्रश्न अजून खुला आहे.

आणि हे वाचून कुणी कळलावीचा कंद उकळायला घेऊ नये. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत इथे फारच थोडे अंतर आहे. या कंदाने उलट्या-जुलाबांपासून सुरुवात होऊन मूत्रपिंड, यकृत आणि रक्त तयार करणारा मगज बंद पडून माणसे दगावली आहेत. त्यावर उतारा सहज मिळत नाही.

मग आपण काय करायचे?

एका रात्रीत एकच सांधा लाल होऊन ठणकू लागला, तर चीर देऊ नका, चोळू नका, दवाखान्यात या. सोबत थंडी वाजून जोरात ताप असेल, तर सांध्यात खरोखर पू असू शकतो. तेव्हा त्याच दिवशी या. झटक्याच्या वेळी युरिक ॲसिडचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो, तेवढ्यावरून गाउट नाही असे समजू नका. झटका ओसरल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. औषध घ्यायचे ठरले, तर युरिक ॲसिड 6 च्या खाली ठेवणे हे उद्दिष्ट असते आणि त्या गोळ्या बरे वाटले म्हणून मध्येच बंद करायच्या नसतात. कलेजी, वजरी, दारू आणि गोड शीतपेये यांना हात आखडता घ्या. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनीही युरिक ॲसिड वाढते, म्हणून चालू औषधांची चिठ्ठी सोबत आणा.

कागदात बांधून मिळणाऱ्या, नाव नसलेल्या 'वाताच्या पुड्यां'पासून लांब राहा. त्यांनी तासाभरात आराम पडतो, कारण त्यांत बहुधा स्टेरॉइड असते. ते भोंगा दाबते, खडे तसेच राहतात आणि साखर, रक्तदाब, हाडे यांची किंमत पुढे मोजावी लागते.

धुळीत काम करणाऱ्यांनी डॉक्टरने विचारले नाही, तरी आपले काम स्वतःहून सांगावे. किती वर्षे, कोणत्या विभागात, मास्क कोणता, हेही सांगावे. आणि माझ्या तरुण सहकाऱ्यांनो, नाव आणि वय लिहिल्यानंतर केसपेपरवर तिसरी ओळ कामाची लिहा. मी ती आता कधीच सोडत नाही.

जत्रेनंतर आलेले ते काका पाच दिवसांत चालायला लागले. परवा गोळ्या न्यायला आले होते, दोन्ही पायांत चप्पल घालून. सोबतच्या मुलाला मी विचारले, तू काय करतोस? म्हणाला, "फौंड्रीत हाय, मोल्डिंगला." त्या दिवशी वडिलांच्या केसपेपरआधी मी मुलाचा केसपेपर काढला.