माती, प्लास्टर की सिमेंट? शिल्पकलेची सुरुवात करताना

ऐकणाऱ्यांचं स्वागत, आणि लोकलच्या गर्दीत इयरफोन सापडत नाहीत म्हणून हा भाग वाचणाऱ्यांचंही स्वागत.

आजचा विषय आर्ट कॉलेजच्या फाउंडेशन वर्गातल्या मुलांच्या एका नेहमीच्या प्रश्नावर आहे. "ड्रॉइंग बरं आहे, इंटरमिजिएटला ए ग्रेड होती. आता शिल्पकला घ्यावीशी वाटतेय. पण ब्राँझ आणि संगमरवर आपल्याला कुठे परवडणार? मग काय, शाडू आणि प्लास्टरमध्ये नुसता सराव करत बसायचं?"

प्रश्न खरा आहे. घरून फीचे पैसे जमवताना नाकी नऊ येतात, त्यात सामानाचा खर्च. पण या प्रश्नात एक समजूत लपलीय: महागातलं ते खरं शिल्प आणि स्वस्तातलं ते कच्चं काम. ही समजूत जरा तपासून बघू.

मटेरियल करतं काय?

शिल्प घडवायच्या मुख्य पद्धती तीन. भर घालत जायचं, कोरून काढत जायचं, किंवा साच्यात ओतायचं.

शाडू आपल्याला गणपतीमुळे ओळखीचा आहे. ही भर घालायची माती. चुकलं तर काढा, पुन्हा लावा. पण ओली माती जड असते, स्वतःच्या वजनाने खाली बसते. म्हणून मोठ्या कामात आधी लोखंडी सळी, तार आणि लाकडाचे तुकडे यांचा सांगाडा करतात. त्याला आर्मेचर म्हणतात. रोज काम संपलं की ओलं फडकं आणि वर प्लॅस्टिक गुंडाळायचं. विसरलात तर माती सुकून आकसते, आतली सळी काही आकसत नाही, आणि सकाळी येऊन बघावं तर भेगा.

टेराकोटाचं गणित उलटं. तिथे माती भट्टीत जाते, म्हणून आत सळी चालत नाही. काम पोकळ ठेवायचं आणि सावकाश सुकू द्यायचं. आत ओल राहिली तर भट्टीत तिची वाफ होते आणि काम फुटतं.

दगडात भर घालताच येत नाही. एकदा उडालेला कपचा परत बसत नाही. शिवाय दगड दाब झेलतो, पण ताण पडला की तुटतो. म्हणून जुन्या दगडी मूर्तींमध्ये हात अंगाशी धरलेले दिसतात, किंवा पायामागे झाडाचा बुंधा, वस्त्राचा सोगा असा काहीतरी आधार ठेवलेला असतो. ब्राँझ ताण सहन करतो, त्यामुळे चार बारीक पायांचा घोडा स्वारासकट उभा राहू शकतो. पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा हे त्याचं आपल्याकडचं उदाहरण. तो विनायक पांडुरंग करमरकर यांनी घडवला आणि १९२८मध्ये उभा राहिला.

म्हणजे मूर्तीने हात उचलायचा की नाही, हे कलाकार एकटा ठरवत नाही. मटेरियलही ठरवतं.

ड्रॉइंग आणि पेंटिंग कुठे कामाला येतं?

सगळीकडे. कागदावर तुम्ही एका बाजूची कडा काढता. शिल्पाला अशा असंख्य कडा असतात. म्हणून मातीला हात लावण्याआधी विषयाभोवती फिरून आठ बाजूंनी आठ स्केचेस करा. पुढून सुंदर आणि बाजूने चपटं असं काम बहुतेक वेळा एकाच बाजूने बघून झालेलं असतं.

पेंटिंगमध्ये सावली तुम्ही रंगवता. शिल्पात सावली उजेड पाडतो, तुम्ही फक्त खड्डा किती खोल ते ठरवता. डोळ्याचं उदाहरण घ्या. पांढऱ्या प्लास्टरमध्ये काळं बुबुळ कसं दाखवणार? तिथे छोटा खड्डा करतात. त्यात सावली साठते आणि लांबून बघणाऱ्याला नजर दिसते. ज्याने टोनचा अभ्यास केलाय त्याला हे पटकन कळतं.

स्वस्तातलं खरं काम

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. गणपतराव म्हात्रे हे नाव ऐकलंय? मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी. १८९६च्या सुमारास, विशीच्या आसपास असताना, त्यांनी 'मंदिरपथगामिनी' घडवली. देवळाकडे निघालेली मराठी स्त्री. भारतीय शिल्पकलेच्या इतिहासात तिचं नाव आजही घेतलं जातं. मटेरियल? प्लास्टर ऑफ पॅरिस.

करमरकरांचा जन्म १८९१मध्ये अलिबागजवळच्या सासवण्यात झाला. लहानपणी गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते बघून तिथले कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांनी त्यांना जे. जे.मध्ये जायला मदत केली. सुरुवात अशी चित्रातून झाली. ब्राँझमध्ये एवढं मोठं नाव झाल्यावरही त्यांनी सिमेंट सोडलं नाही. सासवण्याच्या त्यांच्या संग्रहालयात जाऊन या, सिमेंटमधली कामं बघा. तिथली म्हैस बघताना हे घर बांधायचं सामान आहे हे लक्षातही येत नाही.

असाच विचार आणखी पुढे नेणारा माणूस बंगालमध्ये होता. रामकिंकर बैज, जन्म १९०६, गाव बांकुरा. १९२५मध्ये ते शांतिनिकेतनला शिकायला आले. जलरंग, तैलरंग, रेखाटनं, शिल्प, सगळं एकाच वेळी चालू. ब्राँझला पैसे नव्हते. त्या भागात जमीन लाल, आपल्या कोकणातल्या जांभ्यासारखी. त्यांनी तोच खडा सिमेंटमध्ये मिसळला आणि सांगाड्यावर थापून १९३८मध्ये 'संथाल परिवार' उभा केला. सामानसुमान घेऊन निघालेलं कुटुंब, बरोबर कुत्रा, आणि काम थेट उघड्यावर, झाडांखाली. त्याचा पृष्ठभाग खरखरीत आहे. त्यावर चालणाऱ्या माणसांची धूळ, ऊन, घाई सगळं दिसतं. हेच गुळगुळीत संगमरवरात केलं असतं तर वेगळंच काही झालं असतं.

तेव्हा मटेरियल निवडताना "परवडतं का?" हा प्रश्न असू दे. त्याच्या जोडीला "याला काय जमतं?" हाही विचारा.

घरी करून बघा

एकच विषय घ्या. झोपलेलं मांजर चालेल. आधी आठ स्केचेस. मग तेच तीन प्रकारे करा.

पहिलं, बारीक तारेतून. ही हवेतली रेघ समजा. पाठीचा कणा कुठून कुठे जातो ते कळेल.

दुसरं, शाडूत. वजन कुठे टेकलंय, पोट कुठे पसरलंय ते कळेल.

तिसरं, अंगाच्या साबणाच्या वडीत, जुन्या सुरीने कोरून. शेपटी मोकळी ठेवलीत तर मोडेल, म्हणून ती अंगाला चिकटवून घ्यावी लागेल. दगडाचा धडा दहा-वीस रुपयांत.

तिन्ही शेजारी ठेवा आणि खिडकीच्या उजेडात सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा बघा. मग त्यांचंच पेंटिंग करा.

प्लास्टर वापरणार असाल तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पाण्यात प्लास्टर भुरभुरायचं, प्लास्टरमध्ये पाणी ओतायचं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. ते घट्ट होताना गरम होतं, त्यामुळे हाताचा साचा घ्यायचा म्हणून हात त्यात बुडवून बसू नका, भाजतं. भुकटी उडते, मास्क लावा. आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका, ते पाइपमध्येच दगड होऊन बसेल.

प्लास्टरच्या 'वेस्ट मोल्ड'मध्ये साच्याच्या पहिल्या थरात थोडा रंग मिसळतात. नंतर साचा छिन्नीने फोडताना रंग दिसला की समजायचं, काम जवळ आलं, हात हलका करा. आतली माती तोवर उकरून काढलेली असते आणि साचाही फुटतो. मातीतलं मूळ काम आणि साचा दोन्ही जातात, हातात राहते ती एकच प्रत. म्हणून प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा, पोर्टफोलिओला उपयोगी पडतात. उकरलेली माती भिजवून पुन्हा वापरता येते, ती टाकू नका.

तारेचं, मातीचं आणि साबणाचं मांजर झालं की आपल्या वर्गातल्या कुणाला तरी दाखवा आणि विचारा, कुठलं जास्त गाढ झोपलंय? येणारं उत्तर तुम्हाला पुढचं मटेरियल निवडायला मदत करेल. भेटू पुढच्या भागात!