नाडी लागली तरी धोका टळत नाही

गुडघा निखळला की त्याच्या मागून पोटरीकडे जाणारी मोठी धमनी फाटण्याची भीती असते, आणि शल्यचिकित्सकाने ती जोडून पायात रक्त सुरू केले की संकट संपले, अशी समजूत भोपाळमधील रायसेन रस्त्यावरच्या आनंद नगरात काय किंवा पुण्या-नाशकात काय, नातेवाईक घट्ट धरून बसलेले असतात. मग पोटरीवर लांब चिरे देऊन जखम उघडी ठेवली, की ‘नीट झालेला पाय बिलासाठी कापला’ असा आरोप होतो, जो मुळातच चुकीचा आहे.

रक्ताविना राहिलेले स्नायू साधारण सहा तासांनंतर कायमचे निकामी होऊ लागतात. अशा स्नायूत रक्त परतते तेव्हा त्यासोबत आलेल्या प्राणवायूपासून पेशी जाळणारी घातक रसायने तयार होतात, केशवाहिन्या पाझरू लागतात आणि स्नायू सुजतात. पोटरीतले स्नायू न ताणणाऱ्या पटलांच्या चार कप्प्यांत बंद असल्यामुळे ही सूज आतल्या आतच दाब वाढवते, तो केशवाहिन्यांतील दाबावर मात करतो, आणि पावलाची नाडी हाताला लागत असतानाही पोटरी आतून मरत राहते. ते चिरे म्हणजे फॅशिओटॉमी, अर्थात हे कप्पे मोकळे करण्याची शस्त्रक्रिया. सूज ओसरल्यावर जखम शिवतात किंवा तिच्यावर त्वचारोपण करतात.

दुसरा धोका पायाबाहेरचा आहे. मेलेल्या स्नायूतील पोटॅशियम रक्तात उतरून हृदयाचे ठोके बिघडवते, तर मायोग्लोबिन हे स्नायूतील लाल प्रथिन मूत्रपिंडात साचते आणि लघवी कोऱ्या चहासारखी होते. शंका असणाऱ्यांनी बायवॉटर्स आणि बील यांचा 1941 चा ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील लेख पाहावा: लंडनच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत निघालेले लोक काही दिवसांनी मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. तेथे स्नायू चिरडले होते, धमनी फाटली नव्हती. पण मूत्रपिंडांवरचा आघात त्याच जातीचा.

यावरून धमनी जोडूच नये असा उफराटा निष्कर्ष काढणारेही भेटतात. पण डबेकी आणि सिमिओनी यांच्या 1946 च्या अहवालात धमनी नुसती बांधून टाकलेल्या जखमी सैनिकांपैकी सुमारे निम्म्यांना अवयव गमवावा लागल्याची नोंद आहे.

पाऊल उबदार आहे म्हणजे धमनी शाबूत, हेही खरे नाही. सुजलेली पोटरी चोळणे किंवा घट्ट पट्टीने आवळणे घातकच. आणि बोटे सरळ करताना होणारी असह्य कळ ही ‘ऑपरेशननंतर दुखणारच’ म्हणून सोडून देण्याची गोष्ट नसून ती तत्काळ डॉक्टरांच्या कानी घालायची असते.