जाहिरात झरीपर्यंत आली, खेळ आला नाही

सप्टेंबर २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स ३६० हा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल भारतात आणला, तेव्हा त्याच्या प्रचाराला अक्षय कुमार आणि युवराज सिंग होते. परभणी-जिंतूर रस्त्यावरच्या झरीतल्या शाळकरी पोरांनाही ही दोन्ही नावे ओळखीची. यंत्राची किंमत मात्र १९,९९० रुपयांपासून पुढे. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला १,९९० रुपये होता. म्हणजे कपाशीच्या या पट्ट्यात एका कन्सोलसाठी दहा क्विंटल कापूस मोजावा लागला असता. एप्रिल २००७ मध्ये सोनीचा प्लेस्टेशन ३ आला तो ३९,९९० रुपयांना, म्हणजे वीस क्विंटलला.

मोठ्या जाहिरातीने गेम किती खपतो, याचा विचार या हिशेबापासून सुरू करायला हवा. जाहिरात तयार गिऱ्हाइकाला दुकानापर्यंत आणते. गिऱ्हाइकाची ऐपत तिला वाढवता येत नाही. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘ग्रँड थेफ्ट ऑटो ५’ने तीन दिवसांत एक अब्ज डॉलरची विक्री केली. प्रचार अफाट होता. पण त्याआधीच कोट्यवधी घरांत कन्सोल होते आणि या मालिकेच्या आधीच्या गेमनी विश्वास कमावला होता. उलट उदाहरण १९८२ चे. अटारीने ‘ई.टी.’ चित्रपटाच्या लोकप्रियतेवर विसंबून अवघ्या पाच-सहा आठवड्यांत गेम बनवून घेतला. नावाच्या जोरावर सुमारे पंधरा लाख कॅसेट खपल्या. खेळणाऱ्यांची निराशा पसरल्यावर उरलेला माल पडून राहिला, आणि १९८३ मध्ये अटारीने न्यू मेक्सिकोत पुरलेल्या मालात त्या कॅसेटही होत्या. पहिली खेप जाहिरात खपवते, पुढची गेमलाच खपवावी लागते.

आपल्याकडे क्रिकेटचा मार्ग निवडला गेला. ‘ब्रायन लारा इंटरनॅशनल क्रिकेट २००७’ भारतात युवराज सिंगच्या नावाने विकला गेला. मुहूर्त वेस्ट इंडिजमधल्या विश्वचषकाचा. त्यात भारत पहिल्याच फेरीत बाद झाला. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेला इलेक्ट्रॉनिक आर्ट्सचा (ईए) ‘क्रिकेट ०७’ मात्र वर्षानुवर्षे खेळला गेला. चाहते त्यातले संघ आणि गणवेश स्वतः अद्ययावत करत राहिले, नकली सीडी हातोहात फिरत राहिल्या. लोकप्रियता कंपनीची, उलाढाल दुसऱ्याचीच. त्यानंतर ईएने या मालिकेत नवा गेम काढलाच नाही.

लहान गावांत टीव्हीला जोडायचा ‘व्हिडिओ गेम’ पोहोचला तो निन्टेन्डोच्या नकलेच्या रूपात: पिवळी कॅसेट, मारिओ, काँट्रा. त्याच्यासाठी कोणताही नट उभा नव्हता. भाव परवडणारा होता, कॅसेट अदलाबदलीने मिळे आणि शेजारचा पोरगा खेळताना दिसे. हीच त्याची जाहिरात.

सोनीला हे काही अंशी उमगले होते. जुन्या, स्वस्त झालेल्या प्लेस्टेशन २ साठी २००९ मध्ये कबड्डी आणि पतंगबाजीचा ‘देसी अड्डा’ आला, २०११ मध्ये ‘रा.वन’ चित्रपटावरचा गेम आला. यंत्राची निवड योग्य होती, पण वेळ टळून गेली होती; जानेवारी २०१३ मध्ये प्लेस्टेशन २ चे उत्पादनच थांबल्याचे जाहीर झाले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा कन्सोल २८ टक्क्यांच्या गटात गेले. तोवर स्वस्त इंटरनेटमुळे गेम फोनवर फुकट येऊ लागले होते, आणि खेड्यातल्या पोरांनी ते मनापासून खेळले.

म्हणून ‘खेड्यात गेमला गिऱ्हाईक नाही’ हे विधान मला अन्यायाचे वाटते. आवड होती, वेळ होता, क्रिकेटचे वेड होते. कंपन्यांनी ताऱ्यांच्या मानधनावर जेवढा भरवसा ठेवला, तेवढा हप्त्यावरची विक्री, तालुक्याच्या गावी दुरुस्ती आणि मराठी बोलणारा गेम यांवर ठेवला असता, तर झरीतल्या पोराला नकलेवर भागवावे लागले नसते. बाजार गावात घडवावा लागतो. जाहिरात त्या कामाची सुरुवात आहे, पर्याय नाही.