रोगनिदान प्रयोगशाळांची गुणवत्ता आणि इंटरनेट

रक्ततपासणीचे शुल्क भरणाऱ्या रुग्णाला प्रयोगशाळेचा दर समजतो, अंतर समजते. मात्र अहवालातील आकडा बरोबर आहे की नाही, हे पडताळण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. अर्थशास्त्रात यालाच माहितीची विषमता म्हणतात. अशा बाजारपेठेत चांगल्या दर्जाला योग्य मोल मिळत नाही आणि हलका माल चांगल्या मालाला बाहेर ढकलू शकतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. रोगनिदान सेवेच्या बाबतीत या दोषाची किंमत रुग्णाला आरोग्य आणि पैसा अशी दुहेरी मोजावी लागते.

न दिसणारी चूक

उपाशीपोटी रक्तातील साखरेसाठी मधुमेहाची सीमारेषा १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मानली जाते. एखाद्या प्रयोगशाळेचे यंत्र प्रत्येक वेळी ८ मिलिग्रॅम अधिक दाखवीत असेल, तर १२० साखर असलेली व्यक्ती तेथे १२८ ठरते. त्याच प्रयोगशाळेत फेरतपासणी केली तरी तीच चूक पुन्हा होते. यंत्राच्या निष्कर्षांत दिवसागणिक होणारा चढउतार अंतर्गत नियंत्रण नमुन्यांच्या आलेखावर दिसतो. लेव्ही आणि जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये ही पद्धत प्रयोगशाळांत आणली. परंतु नियंत्रण नमुन्याचे अपेक्षित मूल्य प्रयोगशाळेने स्वतःच्याच मोजणीवरून ठरविले असेल, तर कायम एकाच दिशेने होणारी चूक या आलेखातूनही निसटते. ती उघड होण्यासाठी इतरांशी तुलना करावी लागते.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात बेल्क आणि संडरमन यांनी एकसारखे नमुने अनेक रुग्णालयांच्या प्रयोगशाळांना पाठविले. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत निष्कर्षांतील मोठी तफावत समोर आली. बाह्य गुणवत्ता पडताळणीची कल्पना येथूनच रुजली. भारतात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज जीवरसायन चाचण्यांसाठी, तर दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था रक्तपेशींच्या चाचण्यांसाठी अशी योजना चालविते.

इंटरनेटचा हातभार

पडताळणीचा नमुना आजही बाटलीतूनच पाठवावा लागतो. बदल झाला आहे तो माहितीच्या प्रवासात. निष्कर्ष टपालाने जात असत, तेव्हा अहवाल परत येईपर्यंत सदोष रसायनाचा संच संपूनही गेलेला असे आणि दरम्यान त्यावर शेकडो रुग्णांच्या चाचण्या होऊन जात. आता निष्कर्ष संकेतस्थळावर भरता येतात आणि तुलनात्मक अहवालही तेथेच मिळू शकतो. समजा, एका गटाची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन ४ आहे. ११२ हा निष्कर्ष देणारी प्रयोगशाळा सरासरीपासून ३ विचलने दूर आहे. सामान्यतः २ विचलनांपर्यंतचा फरक स्वीकारार्ह मानला जात असल्याने, तिने यंत्राचे अंशशोधन तपासणे आवश्यक ठरते.

दुसरा लाभ संख्येचा आहे. एकाच पद्धतीने आणि एकाच प्रकारच्या यंत्रावर काम करणाऱ्या प्रयोगशाळा एका शहरात मोजक्याच असतात. देशभरात त्या पुष्कळ असतात. सहभागी होणारी प्रत्येक नवी प्रयोगशाळा इतरांच्या तुलनेचा पाया भक्कम करते. या अर्थाने ही माहिती सार्वजनिक हिताची वस्तू असून तिच्यावरील शासकीय खर्च समर्थनीय ठरतो.

मर्यादा आणि दिशा

तथापि, बहुसंख्यांची सरासरी म्हणजे सत्य नव्हे. म्हणूनच सर्वमान्य संदर्भ पद्धतींशी सांगड घालणे, म्हणजेच प्रमाणीकरण, गरजेचे असते. नमुना घेताना किंवा वाहून नेताना होणाऱ्या चुका या तुलनेत दिसत नाहीत. पडताळणीचा नमुना विशेष काळजीने तपासण्याचा किंवा दूरध्वनीवरून आकडे जुळवून घेण्याचा मोह झाला, तर सारा खटाटोप व्यर्थ ठरतो.

आयएसओ १५१८९ हे २००३ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेले मानक प्रयोगशाळांमधील तुलनेचा आग्रह धरते. भारतात या मानकानुसार अधिस्वीकृती देणाऱ्या एनएबीएलने २०१९ मध्ये लहान प्रयोगशाळांसाठी प्राथमिक स्तराची योजना सुरू केली. अधिस्वीकृत प्रयोगशाळांची यादी मंडळाच्या संकेतस्थळावर रुग्णालाही पाहता येते. माहितीची विषमता कमी करण्याचा हा सर्वांत स्वस्त उपाय होय.

सप्टेंबर २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल अभियानाची देशव्यापी घोषणा झाल्यापासून या प्रश्नाची निकड वाढली आहे. पाटण्याचा अहवाल पुण्याच्या डॉक्टरांना क्षणार्धात दिसू शकेल. पण दोन्ही ठिकाणच्या प्रयोगशाळांचे मोजमाप परस्परांशी जुळत नसेल, तर वेगाने पोहोचेल ती केवळ चूक. अशा वेळी डॉक्टर चाचणी पुन्हा करावयास सांगतील आणि तो भुर्दंड रुग्णाच्याच खिशावर पडेल. त्यामुळे अहवालांची देवाणघेवाण वाढविताना तालुका पातळीवरील लहान प्रयोगशाळांना बाह्य पडताळणीचे शुल्क परवडेल अशी तरतूद करणे, ही गुणवत्तेच्या दिशेने उचलावयाची पहिली पायरी ठरावी.