मधमाशीच्या नृत्यात 'वर' नाही

मधमाशीचे नृत्य ही खरोखरच बातमी असते. पोळ्यावर ती उभ्या रेषेशी ज्या कोनात धावते, तोच कोन सूर्य आणि अन्न यांच्या दिशांमध्ये असतो. धावण्याचा वेळ अंतर सांगतो. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ मध्ये नोबेल मिळाले. तेव्हा समोर नसलेल्या गोष्टीविषयी सांगणे ही माणसाची मक्तेदारी नाही, हे मान्यच करायला हवे. पण फॉन फ्रिश यांनी मधमाश्यांची पेटी रेडिओच्या मनोऱ्याखाली आणि साखरपाणी मनोऱ्यावर ठेवले, तेव्हा माशा नाचल्या आणि बाकीच्या आसपासची जमीनच धुंडाळत राहिल्या. 'वर' सांगण्याची सोय त्या नृत्यात नाही, आणि ती नव्याने घडवताही येत नाही.

यावर, प्राणीही हाका जोडून अर्थ घडवतात असे म्हणत, जपानी टिट पक्ष्यांचा दाखला दिला जातो. त्यांच्या हाकांचा क्रम उलटला की प्रतिसाद मंदावतो, असे २०१६ मध्ये दिसले. आक्षेप रास्त आहे. क्रमाचे भान तिथेही आहे. मात्र ती ठरावीक हाकांची जोडणी आहे. मूल मोजक्या शब्दांतून कधी न ऐकलेली वाक्ये रचते आणि ती लांबवत नेते. याउलट निम या चिंपांझीला शंभराहून अधिक खुणा शिकवल्या गेल्या. १९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हर्बर्ट टेरेस यांच्या विश्लेषणात त्याच्या बोलण्याची सरासरी लांबी दोन खुणांच्या आतच राहिलेली आढळली.