मोटरचा चुकणारा ठोका

इंजिनाच्या चारांपैकी एका सिलिंडरमधील मिश्रण पेटेनासे झाले की मोटर थरथरते, ओढ कमी होते, समोरचा इशारादिवा लुकलुकतो. तशी मोटर दामटू नये. न जळलेले पेट्रोल पुढे जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बिघडवते. तपासयंत्र ‘पी ०३०३’ दाखवते, म्हणजे तिसरा सिलिंडर चुकतो. पण हा आरोप झाला, कारण नव्हे. इंजिन बंद करून, निवल्यावर, तिसऱ्याची इग्निशन कॉइल दुसऱ्यावर बसवावी व संकेत पुसून मोटर चालवावी. आता ‘०३०२’ आला, तर दोष कॉइलचा. ‘०३०३’च राहिला, तर प्लगची अशीच अदलाबदल करावी, मग इंजेक्टर पाहावा, शेवटी कॉम्प्रेशन मोजावे. चौकशीवाचून कामगाराला काढू नये, तसा तपासावाचून सुटा भागही फेकू नये. भुर्दंड अखेर ड्रायव्हरच्या पोटावर येतो.